गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता

पत्र रेघांच्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेले होते आणि त्याला आमचाच एक छापील कागद टाचणीने जोडलेला होता. आमचा म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने छापलेला. एका संस्थेच्या जुन्या सभासदांच्या नोंदी हस्तलिखित वह्यांमधून संगणकावर आणण्याचे काम त्या वर्षी माझ्याकडे होते, आणि तपासणीसाठी प्रत्येक कुटुंबाकडे त्यांच्या नोंदीची एक प्रत पाठवलेली होती. बहुतेक प्रती ‘बरोबर आहे’ अशा शेऱ्यासह परत आल्या. काहींवर नावातली वेलांटी किंवा घराचा क्रमांक दुरुस्त केलेला होता. या प्रतीवर मात्र एकाच ओळीखाली दोनदा रेघ ओढलेली होती. मृत्यूची तारीख : ११ ऑगस्ट १९९४, १८:३०. सोबतच्या पत्रात त्या बाईंनी लिहिले होते, ‘माझे यजमान १२ ऑगस्टला, शुक्रवारी पहाटे गेले. आपण लिहिलेल्या वेळी, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी मला खिडकी उघडायला सांगितली आणि मी ती उघडली. तरी कृपया दुरुस्ती व्हावी.’

पत्रात याहून अधिक काही नव्हते.

मी मूळ वही काढून पुन्हा पाहिली. पानाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, पण रकान्यातली तारीख स्वच्छ होती : १२-८-९४. वेळ कुठेही लिहिलेली नव्हती, कारण त्या वहीत वेळेचा रकानाच नव्हता. वहीवरून टंकलेखन करणाऱ्यांनीही तारीख बिनचूक उतरवली होती. मग साडेसहा वाजल्याचे कोणी सांगितले? खरे तर उत्तर मला पत्र वाचतानाच कळले होते, आणि ते इतक्या सहज कळले याचेच अधिक वाईट वाटले. संगणकाच्या कामात थोडे दिवस घालवलेल्या आपल्याकडच्या कोणालाही १८:३० हा आकडा दिसला की तो ओळखीचा वाटतो. मध्यरात्रीतून साडेपाच तास वजा केले की हाच आकडा येतो. तारीख साठवण्यासाठी मी टाइमस्टॅम्पचा, म्हणजे १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून मोजलेल्या सेकंदांचा, रकाना निवडला होता. टाइमस्टॅम्पला तारीख समजत नाही, त्याला क्षण लागतो. क्षण कोणी दिला नव्हता, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने तो दिवसाच्या आरंभीचा, म्हणजे मध्यरात्री शून्य वाजताचा धरला. ती मध्यरात्र आपल्या प्रमाणवेळेची मानून तिचे जागतिक वेळेत, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे असलेल्या यूटीसीत, रूपांतर केले. आणि प्रती छापणारा सर्व्हर यूटीसीवरच चालत असल्यामुळे त्याने तो क्षण आपल्या घड्याळाप्रमाणे निमूटपणे छापला. प्रत्येक पायरी आपल्या जागी बरोबर होती आणि शेवटी कागदावर उमटलेले विधान खोटे होते.

त्या रात्री मी ते रूपांतर हाताने करून पाहिले. प्रोग्रॅमचे उत्तर ठाऊक असताना हाताने करण्याची काही गरज नव्हती, पण जिथे चूक झाली त्या वाटेने एकदा स्वतः चालून जावे असे मला वाटले. १ जानेवारी १९७० पासून १ जानेवारी १९९४ पर्यंत २४ वर्षे. दर वर्षाचे ३६५ धरले तर ८,७६० दिवस. मध्ये ७२, ७६, ८०, ८४, ८८ आणि ९२ ही सहा लीप वर्षे, म्हणून ८,७६६. मग जानेवारीपासून जुलैअखेरपर्यंतचे २१२ दिवस, आणि ऑगस्टचे पूर्ण झालेले ११. बेरीज ८,९८९. दिवसाची सेकंदे ८६,४००. गुणाकार ७७,६६,४९,६००. ही यूटीसीतली मध्यरात्र. आपली मध्यरात्र त्याआधी १९,८०० सेकंदे येते, म्हणून ७७,६६,२९,८००. डेटाबेसात हीच संख्या होती. कागदावर ती पुसट पेन्सिलीने लिहिलेली पाहताना मला ती एखाद्या माणसाच्या जाण्याची नोंद वाटेना, आणि त्या वहीतली १२-८-९४ ही खाडाखोड नसलेली अक्षरे मात्र वाटत होती.

या गणिताचा एक जुना उपयोग आहे, तोही मी करून पाहिला. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. ८,९८९ ला ७ ने भागले की बाकी १ उरते. गुरुवारच्या पुढचा एक, शुक्रवार. बाईंनी पत्रात वार लिहिला होता. तारखेला सरकवता येते, कारण ती नुसती संख्या असते. वार मात्र त्या दिवसाच्या अंगाला चिकटलेला असतो, आणि ज्याने तो दिवस काढलेला असतो त्याच्या लक्षात पुष्कळदा तारखेपेक्षा वारच पक्का राहतो.

लहानपणी महिन्यांचे दिवस मी मुठीवर मोजायला शिकले. उंचवटा आला की एकतीस, खाच आली की तीस, फेब्रुवारी तेवढा वेगळा. जुलैला शेवटच्या उंचवट्यावर पोहोचायचे आणि ऑगस्टसाठी पुन्हा पहिल्या उंचवट्यावर यायचे, म्हणून लागोपाठ दोन एकतीस. ही उडी मला तेव्हा फार खटकायची, कुणीतरी नियम मोडून वेळ मारून नेली आहे असे वाटायचे. पुढे पुष्कळ वर्षांनी तारखेवरून दिवसांची संख्या काढण्याचे सूत्र वाचले तेव्हा त्या खटकण्याला उत्तर मिळाले. ते सूत्र वर्षाची सुरुवात जानेवारीऐवजी मार्चपासून करते. मग महिन्यांची लांबी ३१, ३०, ३१, ३०, ३१ अशी लागते, आणि पुन्हा तशीच ३१, ३०, ३१, ३०, ३१. दर पाच महिन्यांना १५३ दिवस. जुलै-ऑगस्टची ती खटकणारी जोडी म्हणजे एक पाचांची माळ संपून दुसरी सुरू होण्याची जागा ठरते, आणि लहरी फेब्रुवारी वर्षाच्या अगदी टोकाला जाऊन बसतो, त्यामुळे २९ तारीख आली काय किंवा न आली काय, मागच्या कोणत्याही महिन्याचा हिशेब बिघडत नाही. रोमन वर्ष मुळात मार्चपासूनच सुरू होत असे. सप्टेंबर म्हणजे सातवा, ऑक्टोबर म्हणजे आठवा, हे नावांतच राहिलेले आहे. संगणकासाठी सूत्र लिहिणाऱ्याला आपल्या सोयीसाठी दोन हजार वर्षे मागे जाऊन वर्षारंभ पूर्वीच्या जागी नेऊन ठेवावा लागला, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. त्याच सूत्रात १४६०९७ ही संख्या येते. ४०० वर्षांचे ते दिवस, त्यातली लीप वर्षे ९७. आणि या संख्येला ७ ने निःशेष भाग जातो, म्हणून ग्रेगोरियन कॅलेंडरचे वारही दर ४०० वर्षांनी जसेच्या तसे परत येतात.

टाइमस्टॅम्पच्या संख्येवर माझे एके काळी प्रेम होते, हे सांगितले पाहिजे. २००१ साली मी शिकत होते. ९ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, आम्ही चौघी संगणकाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो होतो. सुट्टीच्या दिवशी ती खोली वेगळीच वाटायची. बंद यंत्रांवर कापडी आच्छादने, एकाच पडद्याचा हिरवट उजेड, आणि पंख्याचा एकसुरी आवाज. पडद्यावर दर सेकंदाला एक संख्या बदलत होती. सकाळी सात वाजून सोळा मिनिटे चाळीस सेकंदे झाली आणि नऊ नवांच्या जागी एकावर नऊ शून्ये आली. १९७० पासून एक अब्ज सेकंदे. आम्ही टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणाले की ही संख्या जगात सगळीकडे याच क्षणी हीच आहे, कुठे सकाळ असेल, कुठे रात्र असेल, कुठे अजून शनिवार असेल, पण संख्या एकच. त्या वयात हे ऐकून अंगावर काटा आला होता. आपल्या सगळ्या तारखा, महिने, टाइमझोन, यांच्या खालून एक अखंड धागा वाहतो आहे आणि तो आपल्याला दिसतो आहे, असे वाटले होते. तारीख म्हणजे त्या धाग्यावरची वरवरची चिठ्ठी आणि खरे काय ते ती संख्या, हा समज माझ्या मनात त्या रविवारी पक्का झाला असावा. सभासदांच्या नोंदींसाठी टाइमस्टॅम्पचा रकाना निवडताना माझ्या हातून क्षणभरही विचार झाला नाही, त्याचे मूळ तिथे आहे.

पण तो धागा कुठून सुरू होतो, हे माणसांनीच ठरवलेले आहे, आणि तेही एकदाच ठरवलेले नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली, तिच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत काळाची मोजणी १ जानेवारी १९७१ पासून, आणि तीही सेकंदाच्या साठाव्या भागात केलेली आहे. ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ आकड्यांच्या, जागेत इतके बारीक मोजायचे तर ती जागा सव्वादोन वर्षांतच भरून जाते. म्हणून पुढे मोजमाप पूर्ण सेकंदांचे झाले आणि आरंभ १९७० वर स्थिरावला. इतरांनी आपापले आरंभ निवडले. विंडोजच्या फाइलींचा काळ १ जानेवारी १६०१ पासून मोजला जातो, जीपीएसचा ६ जानेवारी १९८० पासून, घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपीचा १९०० पासून. मोठे हिशेब लहान जागेत बसवायचे असतील तर आरंभ जवळ आणावा लागतो, ही अडचण संगणकाने आणलेली नाही. आपल्या ज्योतिर्गणितात तिथीवरून दिवसांची अखंड संख्या काढतात, तिला अहर्गण म्हणतात, आणि ग्रहांचे सगळे गणित त्या एका संख्येवर उभे राहते. कलियुगाच्या आरंभापासून मोजलेला अहर्गण ज्योतिर्गणिती गणेश दैवज्ञांच्या काळी सोळा लाखांच्या वर गेलेला होता. शके १४४२, म्हणजे १५२० मध्ये ग्रहलाघव हा ग्रंथ रचताना त्यांनी आरंभ आपल्याच काळात आणला आणि ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र धरले. अहर्गण चक्राबाहेर जायला लागला की चक्रांची संख्या वेगळी ठेवायची आणि दिवसांची मोजणी पुन्हा लहान आकड्यांवर आणायची. पाटीवर गणित करणाऱ्या माणसाचा हात थकू नये, एवढा विचार त्यात आहे. युनिक्सचे ३२ बिट आणि ते चक्र यांच्यात मला सख्खे नाते दिसते. फरक एवढाच की चक्र भरले की काय करायचे हे ग्रहलाघवात आधीच सांगून ठेवलेले आहे, आणि ३२ बिटांत अधिक-उणे चिन्हासह मोजणारे जे संगणक अजून चालू आहेत त्यांना ते कोणी सांगितलेले नाही. १९ जानेवारी २०३८ ला यूटीसीप्रमाणे पहाटे ३:१४:०७ वाजता त्यांची संख्या २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचेल आणि पुढच्या सेकंदाला ते १३ डिसेंबर १९०१ समजतील.

तो धागा अखंड आहे, हेही पूर्णपणे खरे नाही. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळते राहावे म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक सेकंद जास्तीचे घालण्यात येते. अशी २७ सेकंदे घातली गेली, त्यातले शेवटचे ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस. टाइमस्टॅम्पमध्ये ती धरलीच जात नाहीत, कारण प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच, असे तिथे ठरलेले आहे. त्या ठरावामुळेच मला रात्री पेन्सिलीने गुणाकार करता आला. म्हणजे ती संख्या हे खरोखर सरलेल्या सेकंदांचे माप नसून दिवसांचीच नीटनेटकी मोजणी आहे, सेकंदांच्या वेषातली.

दुरुस्ती सोपी आहे असे मला पहिल्या दिवशी वाटले. मूळ वह्यांवरून सगळे नव्याने भरता येत नव्हते, कारण मधल्या काळात पुष्कळ नोंदी नव्या व्यवस्थेतच सुधारल्या गेल्या होत्या. म्हणून प्रत्येक संख्येत साडेपाच तास मिळवावेत, जी तारीख येईल ती ठेवावी आणि वेळ टाकून द्यावी, असे ठरवले. प्रोग्रॅम चालवण्याआधी, केवळ खात्रीसाठी, साऱ्या नोंदींतल्या वेळा वेगळ्या काढून त्यांची गणती केली. अपेक्षेप्रमाणे रकाना १८:३० ने भरून गेला. पण खाली थोड्याशा नोंदी १७:३० च्या होत्या. त्यांत साडेपाच तास मिळवले तर रात्रीचे अकरा वाजत होते, आदल्याच दिवसाचे. मी त्या नोंदी एकेक उघडल्या. १९४३ चा जन्म. १९४४ चा जन्म. १९४५ च्या जूनमधला जन्म. सगळ्या वृद्ध माणसांच्या, आणि सगळ्या त्याच दोन-तीन वर्षांतल्या. त्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी पुन्हा साडेसहाच्या.

युद्धाची वर्षे होती ती.

जगातल्या घड्याळांचे बदल एका ठिकाणी लिहून ठेवलेले आहेत. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात हा संग्रह सुरू केला आणि आज असंख्य संगणक आणि फोन आपली स्थानिक वेळ त्यावरूनच काढतात. त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या आहेत, कोणीही उघडून वाचू शकतो. एशिया/कोलकाता या भारताच्या नोंदीत दिसते की १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली घड्याळे एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. माझ्या प्रोग्रॅमला हे ठाऊक होते, मला नव्हते. त्याने १९४३ सालची मध्यरात्र १९४३ सालच्या घड्याळाप्रमाणे घेतली होती आणि मी ती आजच्या घड्याळाने परत मागत होते. मी तो सोपा प्रोग्रॅम तसाच चालवला असता तर त्या सगळ्या माणसांचे वाढदिवस कायमचे एक दिवस अलीकडे गेले असते, आणि नव्या प्रती पाहून किती जणांनी पत्र लिहिले असते कोण जाणे. त्या संध्याकाळी मी ती फाइल वाचतच राहिले. सामोआने २०११ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा तिथे २९ डिसेंबरनंतर थेट ३१ डिसेंबर उजाडला. ३० डिसेंबर २०११ हा दिवस तिथे झालाच नाही. ब्राझीलच्या मोठ्या भागात उन्हाळी वेळ मध्यरात्रीच सुरू होत असे, म्हणजे त्या रात्री बाराच्या ठोक्याला एकदम एक वाजायचा आणि त्या तारखेला मध्यरात्र नसायचीच. जिथे वेळ माहीत नाही तिथे मध्यरात्र धरावी, इतकी निरुपद्रवी वाटणारी समजूतही सगळीकडे उभी राहत नाही.

एक कोडे शून्याचे होते. वहीत ज्यांची जन्मतारीख लिहिलेली नव्हती त्यांच्या रकान्यात माझ्या प्रोग्रॅमने शून्य ठेवले होते, आणि टाइमस्टॅम्पमध्ये शून्य म्हणजे रिकामे नसते, ती १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र असते. म्हणून यादीत कितीतरी सभासद त्या एकाच दिवशी जन्मलेले दिसत होते. ही खूण ओळखीची आहे. कुठेही १ जानेवारी १९७० दिसले की तिथे तारीख हरवली आहे असे आम्ही समजतो. मी ती सगळी शून्ये पुसायला निघाले होते, तेवढ्यात मनात आले की त्या दिवशी खरोखरच जन्मलेले कोणी असेल तर? होते. एक सभासद होते, आणि वहीत त्यांची तारीख स्वच्छ लिहिलेली होती. पण त्यांच्या रकान्यात शून्य नव्हते, उणे १९,८०० होते. आपली मध्यरात्र यूटीसीच्या आधी येते, त्यामुळे त्यांच्या जन्मदिवसाचा आरंभ शून्याच्या साडेपाच तास अलीकडे पडला होता. ज्या साडेपाच तासांनी त्या बाईंच्या यजमानांचा दिवस हलवला, त्याच साडेपाच तासांनी या गृहस्थांना हरवलेल्या माणसांच्या गर्दीतून वेगळे ठेवले होते. ती उणे संख्या पडद्यावर पाहून मला किती हायसे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

१९७० च्या आधी जन्मलेल्या सगळ्यांच्याच संख्या उणे असतात, आणि उणे संख्या म्हणजे चूक असे मानणारे प्रोग्रॅम मी पाहिलेले आहेत. वेळ काढता आली नाही तर उणे एक परत करायचे, अशी एक जुनी पद्धतच आहे, आणि उणे एक हा ३१ डिसेंबर १९६९ चा शेवटचा सेकंदही असतो. माझ्या आईवडिलांच्या पिढीचा सगळा जन्मकाळ या शून्याच्या पलीकडे पडतो. शून्य कुठे मांडायचे हे ठरवणाऱ्यांच्या मनात जन्मतारखा नव्हत्या, फाइली होत्या. फाइल कधी बदलली हे त्यांना हवे होते, आणि त्यांच्या यंत्रावरची कोणतीही फाइल १९७० च्या आधीची नव्हती. त्या कामासाठी त्यांनी केलेली निवड चोख होती. ते माप मी वहीतल्या माणसांना लावले, ही माझी चूक.

त्या दिवसांत मी पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नावर येत होते. मृत्यूचा नेमका क्षण मला ठाऊक असता तर हे टळले असते का? बाईंनी पहाटे असे लिहिले आहे. समजा तो क्षण साडेपाचच्या आधीचा होता. त्या क्षणी यूटीसीमध्ये गुरुवारच चालू होता, ११ तारीखच होती. म्हणजे अगदी अचूक टाइमस्टॅम्प साठवला असता तरी यूटीसीवरच्या सर्व्हरने ११ ऑगस्टच छापले असते, आणि या वेळी त्याला चूक म्हणायलाही जागा राहिली नसती. तारीख क्षणात नसतेच. ती त्या माणसाच्या जागेत असते, तिथे उजाडले की नाही यात असते, भिंतीवरच्या कॅलेंडरचे कोणते पान समोर होते यात असते. कोणी संदेश कधी पाठवला, फाइल कधी बदलली, पैसे कधी जमा झाले, हे क्षण आहेत. त्यांना टाइमस्टॅम्प द्यावा, आणि जगात कुठूनही पाहिला तरी तो तोच राहावा. जन्मदिवस आणि मृत्युदिन यांना मात्र टाइमझोन लावू नये. वर्ष, महिना, दिवस या तीन आकड्यांवर त्यांची ओळख पूर्ण होते, आणि ते तीन आकडे जगात कुठेही नेले तरी त्यांना पुढे-मागे सरकवण्याचा अधिकार कोणत्याही घड्याळाला नाही. डेटाबेसात नुसत्या तारखेचा वेगळा प्रकार असतो. तो पूर्वीपासून होता. मी तो निवडला नव्हता, कारण तो मला अपुरा वाटला होता.

मी नवा रकाना केला. प्रत्येक जुनी संख्या त्या त्या वर्षीच्या घड्याळाप्रमाणे उलट फिरवून तिची तारीख काढली, युद्धकाळातल्या नोंदी डोळ्यांनी वहीशी ताडून पाहिल्या, शून्ये पुसली, त्या एका उणे १९,८०० ला १ जानेवारी १९७० असे सन्मानाने लिहिले, आणि जुना रकाना काढून टाकला. वेळेची जागा छापील प्रतीतून पूर्णच गेली. त्या बाईंना नवी प्रत पाठवताना सोबत पत्र लिहिले, क्षमा मागितली, आणि चूक कशी झाली तेही चार ओळींत सांगितले. पहाटे किती वाजता, हे विचारावेसे मला एकदाही वाटले नाही. आठवड्याने प्रत परत आली. १२ ऑगस्ट १९९४ च्या पुढे बरोबरची खूण होती, निळ्या शाईचीच, आणि खाली तारखेसह सही.

त्यांचे पहिले पत्र माझ्याकडेच राहिले आहे. त्याच्या पाठीमागे त्या रात्रीचा माझा गुणाकार आहे, आणि त्याखाली मी नंतर केलेले आणखी एक लहानसे गणित आहे, जे कोणत्याही डेटाबेसात गेले नाही. ‘गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता मी खिडकी उघडली’, असे त्यांनी लिहिले होते. दिवस होता, वेळ होती, जागा होती. हा खराखुरा क्षण होता आणि त्याचे रूपांतर करायला काहीच गृहीत धरावे लागत नव्हते. आपले साडेसहा म्हणजे यूटीसीतले दुपारचे एक. यूटीसीतल्या शुक्रवारच्या मध्यरात्रीतून अकरा तास, म्हणजे ३९,६०० सेकंदे वजा केली. उत्तर आले ७७,६६,१०,०००. शेवटची चार शून्ये पाहून मी वजाबाकी पुन्हा एकदा पडताळून घेतली. ती बरोबर होती.